बारा गुण कुठे गेले? मोतीबिंदू, भास आणि विस्मरणाचं एक प्रकरण

तक्रार मुलानं सांगितली, आजींनी नाही. "आईला आता काही कळत नाही, डॉक्टर. परवा चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. शेजारचे तात्या दारात येऊन उभे राहिले तरी ओळखलं नाही. रात्री उठून अंगणाकडे बघत बसते, म्हणते पोरं बसल्यात. विस्मरणाची गोळी असते ना, ती सुरू करा." आजी शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्या मधेच म्हणाल्या, "मला ऐकू येतंय बरं का."

वय ७६, शिक्षण जुनी चौथी, सातारा जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातलं गाव, माळकरी घर. दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात. इथल्या आजी कुणा एकीचं चित्र नाहीत. ओपीडीत वरचेवर भेटणाऱ्या अनेक घरांतले तपशील जोडून हे प्रकरण उभं केलं आहे आणि आजींचे आकडे उदाहरणादाखल आहेत. संशोधनातले आकडे मात्र छापून आलेले आहेत.

काय आधी गेलं, काय राहिलं

दीड वर्षाचा क्रम सुनेनं फार नेमका सांगितला. अशा प्रकरणात घरातली जी बाई स्वयंपाकघरात असते तिची साक्ष सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा ओपीडीच्या दाराबाहेर बाकावर बसवलेली असते. इथेही तिला आत बोलवावं लागलं.

"आत्या तांदूळ निवडायच्या तर एक खडा सुटायचा नाही," ती म्हणाली. आधी भातात खडे यायला लागले, मग आजींनी निवडणंच सोडलं. नंतर पोथी बंद झाली. भजनाला जाणं थांबलं, कारण परतताना अंधार पडायचा. टीव्हीसमोर बसल्या की "आता कोण आली?" असं दर मिनिटाला विचारायच्या, मग टीव्हीही सुटला. दुकानात पन्नासची समजून शंभरची नोट दिली, एकदा नव्हे, दोनदा. तेव्हापासून त्यांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत असं घरात ठरलं. "साठी बुद्धी नाठी" हा निकाल तिथेच लागला होता. आमच्याकडे येणं म्हणजे त्यावर शिक्का मारून घेणं होतं.

नोटांचं प्रकरण थोडं थांबून बघण्यासारखं आहे. नव्या मालिकेतली पन्नासची नोट चमकत्या निळ्या रंगाची, शंभरची फिकट जांभळी. दोघींची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबीत फरक जेमतेम ७ मिलिमीटरचा. डोळ्यातलं भिंग मध्यभागी पिवळट-तपकिरी होत गेलं की निळा आणि जांभळा हेच रंग आधी मरतात. अशा डोळ्याला या दोन नोटा एकाच मळकट रंगाच्या दिसतात. दुकानदाराला शंभर देणारी बाई हिशेब विसरली आहे की रंग हरवून बसली आहे, हे त्या व्यवहारावरून ठरत नाही. आजींना तोंडी विचारलं, "पाचशेतून एकशे ऐंशी गेले, किती राहिले?" थोडा वेळ घेतला आणि "तीनशे वीस" म्हणाल्या.

तात्यांचंही तसंच. ते दारात गप्प उभे राहिले तर ओळख नाही, "काय वहिनी" म्हणाले की लगेच "या तात्या, बसा." आवाजावरून माणूस क्षणात ओळखता येतो याचा अर्थ माणसाची आठवण जागेवर आहे, चेहरा तिथवर पोचत नाही. मीठ-साखरेचे स्टीलचे डबे एकसारखे होते, शेजारी ठेवलेले. भाकरी मात्र अजून त्याच थापायच्या, आणि गोल थापायच्या.

वहीत मी दोन बाजू केल्या. एका बाजूला बारीक नजर लागणारी कामं: ती सगळी गेली होती. दुसऱ्या बाजूला हाताच्या सवयीची आणि कानाची कामं: ती बरीचशी शाबूत. पण काही गोष्टी कुठल्याच बाजूला नीट बसेनात. लेकीचा फोन येऊन गेला की तासाभरानं "बरेच दिवस फोन नाही हिचा" म्हणायच्या. सकाळची गोळी घेतली का नाही, हे आठवायचं नाही. एकच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा. हे डोळ्यांच्या माथी मारता येत नव्हतं. त्या ओळींखाली मी रेघ मारून ठेवली.

डोळ्यांचं घरात कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. तीन वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात "मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही" असं सांगितलं होतं. घरानं ते प्रामाणिकपणे पाळलं आणि पिकायची वाट बघितली. हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. तेव्हा अख्खं भिंग बाहेर काढत, म्हणून ते पक्कं झालेलं बरं असायचं. आता भिंग आतल्या आत फोडून काढतात किंवा छोट्या छेदातून बाहेर घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. रोजचं काम अडायला लागलं की ऑपरेशनची वेळ झाली. उलट फार पिकू दिलेला मोतीबिंदू फुगतो, डोळ्याचा दाब एकाएकी वाढवू शकतो आणि शस्त्रक्रिया अवघड करतो. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६ टक्के कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच निघालं. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, शिबिरं गावोगाव होतात, तरी हा आकडा. "पिकला नाही" या दोन शब्दांचा त्यात वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

तीसपैकी अठरा

नजर: उजवा डोळा ६/६०, म्हणजे धडधाकट डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून. डाव्यानं दोन मीटरवरून बोटं मोजता येत होती, एवढंच. डोळ्यांचा दाब दोन्हीकडे २४, म्हणजे वाढलेला. कान तपासले, मळ काढल्यावर कुजबुजही ऐकू येत होती. नाडी ५६, आणि हा आकडा पुढे कामाला येणार होता.

मग ३० गुणांची मानसिक क्षमतेची चाचणी, एमएमएसई. १९७५ पासून जगभर वापरात आहे, दहा मिनिटांत होते, आणि तिचा निकाल एका आकड्यात येत असल्यामुळे नातेवाइकांनाही आवडते. आजींना १८ मिळाले. फाइलवर नुसता हा आकडा लिहिला असता तर "सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश" असं वाचणारा कुणीही म्हणाला असता.

पण गेलेले १२ गुण कुठे गेले ते बघू. या चाचणीतल्या ३० पैकी ८ गुण डोळ्यांशिवाय मिळवणं जवळपास अशक्य आहे. दोन वस्तू दाखवून नावं विचारणं (२), कागद घेऊन सांगितल्याप्रमाणे घडी घालून ठेवणं (३), वाचून तसं करणं (१), वाक्य लिहिणं (१), एकमेकांत गुंतलेले पंचकोन बघून काढणं (१). आजींना या आठांपैकी २ मिळाले. पेन दाखवलं तर "काडी" म्हणाल्या. तेच पेन हातात दिल्यावर बोटं फिरवली आणि हसून "पेन की" म्हणाल्या. नियमानं गुण देता आला नाही. राहिलेल्या २२ गुणांत, जे कानानं आणि तोंडानं सोडवता येतात, त्यांना १६ मिळाले.

म्हणजे १२ पैकी ६ गुण ८ गुणांच्या छोट्या कोपऱ्यात बुडाले होते आणि ६ गुण २२ च्या मोठ्या भागात. दृष्टी गेलेल्यांसाठी हीच चाचणी २२ गुणांवर घ्यायची पद्धत १९९७ पासून उपलब्ध आहे. मोका नावाच्या दुसऱ्या चाचणीचाही असा २२ गुणांचा प्रकार आहे. दोन्हींना वेगळा खर्च नाही, वेगळं यंत्र नाही. तरी वापर क्वचितच दिसतो. शाळा न शिकलेल्यांसाठी हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात या चाचणीचं हिंदी रूप तयार झालं. त्यात वाचनाचा प्रश्न काढून "माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा" असा प्रश्न घातला. निरक्षरतेची अडचण सुटली, डोळ्यांची तशीच राहिली.

तारखेच्या प्रश्नात एक गंमत झाली. महिना विचारल्यावर आजी म्हणाल्या, "आखाड." सहायकानं चूक अशी खूण करायला पेन उचललं होतं. आषाढच चालू होता, गुण दिला. तारीख आणि वार मात्र चुकले. भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे, पण दीड वर्षात ते त्यांच्यासाठी नुसता पांढरा चौकोन झालं होतं, असं सून म्हणाली. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले तेव्हा एकच आठवला. हे दोन गुण डोळ्यांचे नव्हते. तिथेही मी रेघ मारली.

अंगणातली पोरं

मुलाला सगळ्यात जास्त भीती याची होती. गावात "बाहेरचं काही" असा सूर निघाला होता आणि एका नातेवाइकानं भास बंद करणारी गोळी आणून द्यायची तयारीही दाखवली होती.

आजींना एकटीला विचारलं. "दिसत्यात, सांजच्याला. पाच-सहा असत्यात. रंगीत कापडं घातलेली. बोलत न्हाईत काय न्हाई, नुसती बसत्यात. मला ठावं हाय ती खरी न्हाईत. पण दिसत्यात त्याला मी काय करू?"

"मला ठाऊक आहे ती खरी नाहीत" हे वाक्य ऐकलं आणि अर्धा निर्णय झाला. १७६० मध्ये जिनिव्हाचे निसर्ग-अभ्यासक शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांची अशीच हकीकत लिहून ठेवली. आजोबांचं वय नव्वदीच्या घरात, मोतीबिंदूनं नजर गेलेली, बुद्धी तल्लख. त्यांना माणसं, पक्षी, गाड्या दिसायच्या आणि त्या खऱ्या नाहीत हे त्यांना पक्कं माहीत असायचं. आज ही अवस्था बोने यांच्याच नावानं ओळखली जाते. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदूतला दृष्टीचा भाग गप्प बसत नाही, स्वतःची चित्रं तयार करू लागतो. संध्याकाळच्या मंद उजेडात हे जास्त होतं. वेडाशी याचा संबंध नाही. पण लोक आपल्याला वेडं ठरवतील या भीतीनं म्हातारी माणसं हे महिनोन् महिने लपवतात, आणि मग एके दिवशी तोंडून निघून जातं.

तरी इथे घाई चालत नाही. स्पष्ट, हलती माणसं दिसणं हे लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाचंही ठळक लक्षण आहे. त्या आजारात चाल मंदावते, अंग ताठर होतं, शुद्ध आणि लक्ष दिवसभरात खालीवर होत राहतं, झोपेत माणूस स्वप्नानुसार हातपाय झाडतो. आजींमध्ये यातलं काही सापडलं नाही. हे तपासणं कागदी कर्तव्य नव्हतं. लेवी बॉडीच्या रुग्णाला भास बंद करणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्या दिल्या तर तो लाकडासारखा ताठ होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. नातेवाइकाची ती गोळी घरात आली नाही, हे त्या घराचं नशीब.

तात्पुरता उपाय साधा होता. दिवेलागणीच्या आधीच अंगणातला दिवा लावायचा. पोरं दिसली की डोळ्यांची उघडझाप करायची, नजर इकडून तिकडे फिरवायची, जागेवरून उठायचं. आणि घरातल्यांनी "काही नाही तिथे!" असं ओरडायचं नाही. तिथे काही नाही हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत आहे.

आधी गोळ्या

डोळ्यांचं ऑपरेशन लगेच करून टाकावं असा मोह होतो. आम्ही थांबलो, कारण पिशवीतून दोन गोळ्या निघाल्या. एक रात्री अंग खाजतं म्हणून घेतलेली फेनिरामिन. तिनं झोपही येते म्हणून ती कायमची झाली होती. दुसरी लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन. दोन्ही मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवतात, आणि स्मरणशक्ती ज्या रसायनांवर चालते त्यातलं हे एक मुख्य. वर, या गोळ्यांनी बाहुली रुंदावते, आणि भिंग फुगलेल्या डोळ्यात त्यामुळे दाब चढू शकतो. म्हणजे डोळा आणि मेंदू दोघांनाही एकाच पिशवीतून त्रास. दोन्ही बंद केल्या. खाजेसाठी रोज खोबरेल तेल, लघवीसाठी वेळेवर उठवणं आणि संध्याकाळनंतर चहा कमी.

रक्तात बी१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं. शाकाहार, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन. दोन्हींनी ते खाली जातं. इंजेक्शनं सुरू केली. थायरॉइड, सोडियम ठीक. सीटी स्कॅनमध्ये वयाप्रमाणे आकसलेला मेंदू आणि बारीक रक्तवाहिन्यांचे थोडे डाग, त्यावरून काही ठरत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये फक्त तोंडी भाग परत घेतला: २२ पैकी १७. एक गुण वाढला, लक्ष देऊन मोजण्याच्या प्रश्नात. मुलगा निराश झाला. मला तो एक गुण महत्त्वाचा वाटला, कारण गोळ्या, बी१२ आणि ऑपरेशन असं सगळं एकाच महिन्यात केलं असतं तर नंतर कशानं काय झालं हे कुणालाच सांगता आलं नसतं. ऑपरेशनचं कौतुक मात्र झालं असतं.

ऑपरेशन

ऑक्टोबरमध्ये डाव्या डोळ्याचं केलं, भूल फक्त डोळ्यापुरती. विसरभोळ्या माणसाच्या बाबतीत शस्त्रक्रियेपेक्षा आजूबाजूची वीस मिनिटं जास्त अवघड असतात. तोंडावर कापड, वर झगझगीत दिवा, अनोळखी आवाज, आणि "हलू नका." घरी दोन-तीन दिवस आधीपासून नातवानं त्यांना उताणं झोपवून तोंडावर पातळ ओढणी टाकून पडून राहायचा सराव करून घेतला. नेत्रशल्यचिकित्सकांनी गुंगीचं औषध टाळलं आणि परिचारिकेनं शेवटपर्यंत हात धरून ठेवला. हात दाबला की बाई थांबायला सांगतेय, असा इशारा ठरला होता.

एकच डोळा, आणि पट्टीही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच. पूर्वी मोतीबिंदूनंतर दोन्ही डोळे कित्येक दिवस बांधून ठेवायचे आणि चांगली शहाणी माणसं रात्री-बेरात्री बरळायला लागायची. डोळे बांधल्यानं होणारा हा भ्रम १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रीतसर नोंदवला. नजर बंद केली की मेंदू किती लवकर भरकटतो, याचा इतका उघड पुरावा दुसरा मिळणं कठीण. आमच्याकडे तो पूर्वीपासून होता, फक्त त्याकडे ऑपरेशनचा त्रास म्हणून बघितलं गेलं.

डावा डोळा चष्म्यासह ६/१२ झाला. घरातला पहिला परिणाम सुनेच्या वाट्याला आला. "आल्या आल्या म्हणाल्या, घर किती घाण ठेवलंयस गं!" ती तक्रार करत होती, पण चेहऱ्यावर हसू होतं. डबे, जाळ्या, कपाटावरची धूळ, सगळ्याची झडती झाली. तांदूळ निवडणं परत सुरू झालं. झोपही बदलली. पूर्वी दुपारभर डुलक्या आणि रात्री येरझारा. आता रात्री बऱ्यापैकी सलग. याला कारण असावं. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत ज्यांचं काम बघणं नाही, दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणं आहे. त्या निळ्या उजेडाला, सुमारे ४८० नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त जाग्या होतात. पिवळं झालेलं भिंग नेमका तोच उजेड अडवतं. अंगणातली पोरं दिवाळीनंतर दिसेनाशी झाली.

आणि मग भिंग निघाल्यावर आतला पडदा नीट दिसला, तेव्हा वाईट बातमी कळली. दृष्टीची नस खोलगट झाली होती. काचबिंदू. दाब २४ होता त्याचा अर्थ आता उघड झाला. हातात दिव्याचं बटण देऊन करायची नजरेच्या कडांची तपासणी आजींना जमेना, लक्ष टिकेना. नसेची जाडी यंत्रानं मोजूनच निदान पक्कं केलं. टिमोलॉल नावाचे स्वस्त आणि नेहमीचे थेंब टाळले. ते डोळ्यातून नाकावाटे रक्तात उतरतात आणि नाडी आणखी मंद करतात, ५६ च्या नाडीला ते परवडलं नसतं. काही वृद्धांमध्ये मरगळ आणि गोंधळही आणतात, आणि तो गोंधळ परत विस्मरणाच्या खात्यात लिहिला जातो. त्याऐवजी रात्री एकदा लॅटानोप्रोस्ट, नातवाच्या हातून.

सिएटलची ३,०३८ माणसं

मुलाचा प्रश्न रास्त होता: "मग डोळ्यांमुळेच डोकं बिघडलं होतं का?"

यावर संशोधकांचं भांडण जुनं आहे. १९९४ मध्ये बर्लिनच्या अभ्यासात सत्तरी ते शंभरीपलीकडच्या १५६ लोकांच्या डोळ्यांची आणि कानांची क्षमता मोजली. वयानुसार बुद्धीच्या चाचण्यांत पडणाऱ्या फरकापैकी ९३ टक्के फरक या दोन इंद्रियांशी जोडलेला निघाला. एवढा मोठा आकडा बघून पहिली शंका हीच येते की प्रश्नपत्रिका दिसलीच नाही, म्हणून गुण गेले. त्याच गटानं २००१ मध्ये ती तपासली. मध्यमवयीन धडधाकट लोकांची नजर आणि श्रवण मुद्दाम अंधुक करून चाचण्या घेतल्या. गुण फारसे पडले नाहीत. म्हणजे परीक्षेच्या वेळची अडचण हे पूर्ण उत्तर नाही. एक शक्यता अशी की डोळा आणि मेंदू एकाच कारणानं, रक्तवाहिन्या, साखर, वय यांनी, बरोबरीनं झिजतात. गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूतूनच फुटून बनतो, तेव्हा हे नवल नाही. दुसरी शक्यता, वर्षानुवर्षं कमी दिसल्यानं माणूस वाचन, बाजार, भजन, गप्पा सोडतो आणि मेंदू खरंच ओस पडतो. आजींच्या घरात दुसरी गोष्ट डोळ्यांसमोर घडली होती.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ६५ च्या पुढच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहणारा एक अभ्यास आहे. त्यातल्या मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या ३,०३८ जणांची माहिती सेसिलिया ली आणि सहकाऱ्यांनी २०२१ च्या शेवटी छापली. पुढच्या वर्षांत ८५३ जणांना स्मृतिभ्रंश झाला. मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये ही जोखीम न काढलेल्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी होती. यावर पटकन उठणारी शंका अशी: ऑपरेशनला जातो तो माणूस आधीच सुदृढ, पैशानं बरा, घरच्यांचा लाडका असतो, त्याचा मेंदू चांगला राहण्याचं श्रेय ऑपरेशनला का द्यायचं? म्हणून त्यांनी काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांकडेही बघितलं. तीही डोळ्याची शस्त्रक्रिया, तिलाही तशीच सुदृढ माणसं जातात. पण काचबिंदूची शस्त्रक्रिया गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखते. तिथे जोखीम कमी झाली नाही. दिसायला लागण्याचाच काही फायदा असावा, या म्हणण्याला त्यानं बळ आलं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांचा मोतीबिंदू तसाच ठेवण्याचा प्रयोग कुणी करू शकत नाही, करूही नये, त्यामुळे याहून मजबूत पुरावा लवकर येईल असं दिसत नाही.

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगानं टाळता येण्याजोग्या कारणांची यादी १४ वर नेली आणि उपचार न झालेली दृष्टिहीनता त्यात पहिल्यांदा घेतली. तिचा वाटा त्यांनी २ टक्के धरला, कानांचा ७. दोन टक्के ऐकायला किरकोळ. पण भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे असा देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्या आयोगाचे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत. जिथे मोतीबिंदू "पिकायची" वाट बघितली जाते तिथे हा वाटा किती, ते वेगळं मोजायला हवं.

जानेवारीतला कागद

तिसऱ्यांदा पूर्ण चाचणी घेतली. डोळ्यांच्या ८ पैकी ७. पंचकोन काही जमले नाहीत, चौथी शिकलेल्या हाताकडून ती अपेक्षाही जास्तच आहे. तोंडी २२ पैकी १८. वाढलेला एक गुण तारखेचा, कॅलेंडर परत दिसू लागल्यामुळे. एकूण २५. यातला थोडा भाग तीच चाचणी परत दिल्याच्या सरावाचाही असेल.

पाच मिनिटांनी आठवायच्या तीन शब्दांपैकी अजूनही एकच. आषाढात जसा होता तसाच. लेकीचा फोन विसरणं चालू आहे, प्रश्न परत परत विचारणं चालू आहे. जुलैमध्ये ज्या ओळींखाली रेघ मारली होती त्यातली एकही खोडता आली नाही. निदान असं लिहिलं: सौम्य बौद्धिक ऱ्हास; स्मृतिभ्रंश नाही, पण सुरुवात असू शकते. मुलानं मागितलेली विस्मरणाची गोळी, डोनेपेझिल, सुरू केली नाही. या टप्प्यावर तिचा फायदा सिद्ध नाही आणि तीही नाडी मंद करते. मुलाला हे पूर्ण पटलं नाही. "मग एवढं सगळं करून आजार तो आहेच की," तो म्हणाला. आहे, पण जुलैत आईच्या हातून पैसे, पोथी, बाहेर जाणं सगळं गेलं होतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तिच्या मेंदूनं गमावलेलंच नव्हतं. आता गोळ्यांचा डबा सून भरते, दुकानात आजी स्वतः जातात.

उजवा डोळा अजून ६/६० वरच आहे. एका डोळ्यानं स्पष्ट आणि एकानं पिवळं, अंधुक दिसतं तेव्हा पायरीचा अंदाज चुकतो, पडायची भीती असते. म्हणून दुसरं ऑपरेशन लांबवायचं नव्हतं. पण कारखाना चालू आहे, मुलगा उसाच्या तोडीत अडकलाय, सोबतीला माणूस नाही. मार्चची तारीख घेतली आहे. तोवर उंबऱ्याला आणि पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा.

पुढची चाचणी जुलैत, आणि कागदावर दोन बेरजा वेगळ्या लिहायच्या: ८ ची आणि २२ ची. ८ घसरले तर आधी डोळ्याचा दाब आणि थेंब बघायचे, रात्रीचे थेंब खरंच पडतायत का हे नातवाला विचारायचं. २२ घसरले तर मुलाचा गोळीचा प्रश्न परत उघडायचा, तेव्हाची नाडी मोजून.